विश्लेषण : जॉन लेननची हरवलेली गिटार पन्नास वर्षांनी कशी सापडली?

नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील बेव्हर्ली हिल्स येथे ‘ज्युलियन्स’ या लिलावगृहाने एक जुनी गिब्सन गिटार विक्रीला काढली. अंदाज होता सहा ते आठ लाख डॉलरचा. प्रत्यक्षात ती २४ लाख १० हजार डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १६ कोटी रुपयांना गेली. विकणाऱ्याने ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन डिएगोमध्ये एका मित्राकडून पावणेदोनशे डॉलरना घेतली होती आणि पुढची चाळीसएक वर्षे ती त्याच्या घरातच होती. ही गिटार बीटल्सच्या जॉन लेननची आहे आणि डिसेंबर १९६३ मध्ये ती लंडनमधून गायब झाली होती, याचा त्याला पत्ताच नव्हता. पुढे २०२४ मध्ये लेननचीच दुसरी एक गिटार इंग्लंडमधील एका घराच्या पोटमाळ्यावरून खाली आली आणि तिने पहिलीलाही मागे टाकले. या गिटारी एवढ्या महाग का, त्या लेननच्याच आहेत हे ठरवले कसे आणि हरवलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा, हे समजून घ्यायचे तर लेननच्या आयुष्यातून एक फेरी मारावी लागते.

ही गिटार इलेक्ट्रिक की साधी?

दोन्ही. मॉडेलचे नाव गिब्सन जे-१६०ई. त्यातला शेवटचा ‘ई’ म्हणजे इलेक्ट्रिक. १९५४ पासून गिब्सन कंपनी ती बनवत होती. दिसायला मोठ्या, पोकळ पोटाची नेहमीची लाकडी गिटार. पण बोटे फिरवायची पट्टी जिथे संपते तिथे, पट्टीच्या टोकाखाली, एक पिकअप बसवलेला असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती हजारो वेढे दिलेली तांब्याची बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की या गुंडाळीत क्षीण वीजप्रवाह तयार होतो, तो ॲम्प्लिफायरकडे जातो आणि स्पीकरमधून मोठा होऊन बाहेर येतो. आवाज आणि टोन यांसाठी गिटारच्या पोटावरच दोन बटणे असतात.

पोकळ गिटारला वीज जोडली की एक कटकट सुरू होते. गणेशोत्सवाच्या मंडपात कोणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेले की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी येते, तीच. स्पीकरचा आवाज गिटारच्या फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, तारा पुन्हा स्पीकरला. हे चक्र थांबत नाही. त्यावर उपाय म्हणून गिब्सनने या मॉडेलची वरची फळी अखंड लाकडाची न करता प्लायवूडची केली. फळी कमी थरथरते, त्यामुळे शिट्टी कमी. पण वीज न जोडता वाजवली तर आवाजही थोडा दबका. गिटारचे दर्दी या मॉडेलकडे जरा नाक मुरडूनच पाहतात, ते यामुळे. लेननला मात्र ती सोयीची होती. बसमध्ये, हॉटेलच्या खोलीत तशीच वाजवून गाणे रचायचे आणि स्टुडिओत गेल्यावर तीच ॲम्प्लिफायरला जोडायची.

लेननच्या हातात गिटार आली कशी?

जॉन लेननचा जन्म ९ ऑक्टोबर १९४० रोजी लिव्हरपूलमध्ये झाला. वडील आल्फ्रेड बोटीवर नोकरीला, बहुतेक काळ समुद्रावर आणि पुढे घरापासून दूरच. आई ज्युलियाने दुसरा संसार मांडला आणि जॉनला तिच्या थोरल्या बहिणीने, मिमीमावशीने वाढवले. मेनलव्ह ॲव्हेन्यूवरचे हे घर नीटनेटके, मध्यमवर्गीय, शिस्तीचे होते. मावशीचे यजमान जॉर्ज मायाळू होते, पण जॉन चौदा वर्षांचा असताना ते गेले.

आई दोन-अडीच किलोमीटरवरच राहत होती. जॉन मोठा होऊ लागला तसा तिच्याकडे जाऊ लागला. ज्युलिया बँजो वाजवायची. तिने मुलाला बँजोचे कॉर्ड शिकवले, एल्व्हिस प्रेस्लीच्या रेकॉर्ड ऐकवल्या. १९५७ मध्ये त्याला टपालाने मागवलेली पहिली गिटार मिळाली, तीही ज्युलियाच्या पत्त्यावर, कारण मावशीला हा नाद पसंत नव्हता. दक्षिण आफ्रिकेत बनलेली ती ‘गॅलोटोन चॅम्पियन’ ही स्वस्तातली गिटार होती. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर लाकडाला चीर जाणार नाही अशी हमी छापलेली होती. गिटार वाजवून पोट भरणार नाही, असे मावशीने त्याला बजावले होते आणि सराव करायचा तर पुढच्या दारातल्या काचेच्या पडवीत, असा तिचा नियम होता. त्या लहानशा जागेत आवाज छान घुमतो, हे जॉनच्या पथ्यावरच पडले.

६ जुलै १९५७ रोजी वूल्टन गावातल्या चर्चच्या जत्रेत सोळा वर्षांचा जॉन आपल्या ‘क्वॉरीमेन’ या शाळकरी बँडबरोबर याच गिटारवर वाजवत होता. ऐकायला आलेल्या पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीच्या लक्षात आले, की हा मुलगा गिटारवर बँजोचे कॉर्ड धरतो आहे. गिटार नीट कशी लावायची, हे पॉलने त्याला दाखवले. त्या भेटीतून पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

वर्षभराने, १५ जुलै १९५८ रोजी ज्युलिया मिमीला भेटून परत निघाली असताना मेनलव्ह ॲव्हेन्यूवरच मोटारीखाली सापडून गेली. गाडी चालवणारा रजेवर असलेला पोलीस होता. जॉन तेव्हा सतरा वर्षांचा होता. पॉलची आईही दोन वर्षांपूर्वीच कर्करोगाने गेली होती. या दोघांची दोस्ती निव्वळ गाण्यांची नव्हती, ती इथून समजते.

पंधरा महिन्यांची गिटार

१९६० मध्ये बीटल्स जर्मनीतील हॅम्बर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र वाजवू लागले. तिथे लेननने आखूड मानेची ‘रिकेनबॅकर ३२५’ ही इलेक्ट्रिक गिटार घेतली. मूळची फिकट लाकडी रंगाची ही गिटार त्याने नंतर काळी रंगवून घेतली आणि स्टेजवर तीच त्याची ओळख झाली. पुढे ब्रायन एपस्टाइनसारखा व्यवस्थापक मिळाला, डेका या रेकॉर्ड कंपनीने नकार दिला, जॉर्ज मार्टिन या निर्मात्याने होकार दिला. ड्रमवर रिंगो स्टार आला. ऑगस्ट १९६२ मध्ये लेननने सिंथियाशी लग्न केले. ती गरोदर होती आणि चाहत्यांना कळू नये म्हणून लग्नाचा गाजावाजा टाळला गेला.

याच सुमारास लेनन आणि जॉर्ज हॅरिसन या दोघांनी लिव्हरपूलच्या रशवर्थ्स या दुकानात जोडीने दोन जे-१६०ई मागवल्या. इंग्लंडमध्ये त्या सहज मिळत नव्हत्या, अमेरिकेतून विमानाने आणाव्या लागल्या. किंमत प्रत्येकी १६१ पौंड. १० सप्टेंबर १९६२ रोजी गिटारी हातात पडल्या आणि दुसऱ्याच दिवशी बीटल्स लंडनच्या ईएमआय स्टुडिओत होते. त्या दिवशी ‘पी. एस. आय लव्ह यू’ मुद्रित झाले. ‘लव्ह मी डू’ही त्या दिवशी पुन्हा वाजवले गेले, पण ५ ऑक्टोबरला बाजारात आलेल्या पहिल्या रेकॉर्डवरचे ‘लव्ह मी डू’ आठवडाभर आधीचे, म्हणजे या गिटारी येण्यापूर्वीचे आहे. बीटल्सचे अभ्यासक अशा तारखांवर तासन् तास वाद घालतात. वाटते क्षुल्लक, पण कोट्यवधींच्या लिलावात याच तारखा कामाला येतात.

पुढचे पंधरा महिने लेननसोबत ही गिटार होती. त्या महिन्यांत काय घडले, याकडे पाहिले की किमतीचे कोडे बरेचसे सुटते. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी एका दिवसात दहा गाणी मुद्रित केली. लेननला सर्दी झाली होती. त्याच्या घशाची खात्री नव्हती, म्हणून ‘ट्विस्ट अँड शाउट’ अगदी शेवटी ठेवले गेले आणि त्याने ते फाटक्या आवाजात, पहिल्याच प्रयत्नात गाऊन संपवले. त्या दिवसाच्या जिवावर उभा राहिलेला ‘प्लीज प्लीज मी’ हा अल्बम ब्रिटनमध्ये सलग तीस आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. त्याला खाली खेचले ते बीटल्सच्याच दुसऱ्या अल्बमने.

त्याच वर्षी फिरतीवर असताना बसमध्ये ‘फ्रॉम मी टू यू’ झाले, न्यूकॅसलच्या हॉटेलात ‘शी लव्ह्ज यू’ची सुरुवात झाली. ऑक्टोबरमध्ये ‘आय वाँट टू होल्ड युवर हँड’ आणि ‘धिस बॉय’ एकाच दिवशी मुद्रित झाली. लेनन आणि मॅकार्टनी समोरासमोर बसून गाणी रचत. मॅकार्टनी डावखुरा असल्याने एकाच्या गिटारचा दांडा जिकडे, त्याच बाजूला समोरच्याच्याही, जणू मध्ये आरसा धरला आहे. अशा बैठकांत लेननच्या मांडीवर असायची ती ही जे-१६०ई.

सप्टेंबर १९६२ मध्ये लेनन लिव्हरपूलच्या तळघरातील कॅव्हर्न क्लबमध्ये वाजवणारा, नवी गिटार घेताना पैशाचा विचार करणारा पोरगा होता. डिसेंबर १९६३ मध्ये तो ब्रिटनमधल्या सर्वांत प्रसिद्ध माणसांपैकी एक होता. एप्रिल १९६३ मध्ये त्याला मुलगा झाला, ज्युलियन. बाळ काही आठवड्यांचे असतानाच तो एपस्टाइनबरोबर स्पेनला सुटीवर निघून गेला. याही गोष्टी त्याच पंधरा महिन्यांतल्या आहेत. लेननचा गौरव करणाऱ्या लेखांत त्या सहसा येत नाहीत.

गिटार हरवली कशी?

२४ डिसेंबर १९६३ पासून ११ जानेवारी १९६४ पर्यंत लंडनमधील फिन्सबरी पार्क ॲस्टोरिया या थिएटरात बीटल्सचा ख्रिसमस शो होता. गाणी, विनोदी प्रवेश, बाहेर किंचाळणाऱ्या मुलींची गर्दी, सामानाची सतत ने-आण. वाद्ये सांभाळण्याचे काम माल इव्हान्स या धिप्पाड सहायकाकडे होते. या गोंधळात लेननची जे-१६०ई नाहीशी झाली. नेमकी कोणी उचलली हे आजतागायत बाहेर आलेले नाही. लंडनमधून ती कॅलिफोर्नियाला कशी पोहोचली, हाही तिच्या कहाणीतला कोरा भाग आहे.

लेनन थांबला नाही. महिन्याभरात बीटल्स अमेरिकेत होते. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी त्यांना पाहिले, तेव्हा लेननच्या गळ्यात काळी रिकेनबॅकर होती. त्याच वर्षी त्याने आणखी एक जे-१६०ई घेतली. ऑक्टोबर १९६४ मध्ये ‘आय फील फाइन’ मुद्रित होताना ही नवी गिटार ॲम्प्लिफायरजवळ होती आणि तीच ती शिट्टी सुरू झाली, जी टाळण्यासाठी गिब्सनने प्लायवूड लावले होते. लेननला ती आवडली. गाण्याच्या सुरुवातीला ती मुद्दाम ठेवली गेली. आज हेवी मेटलच्या मैफलीत जो फीडबॅक आपण गृहीत धरतो, तो रेकॉर्डवर जाणीवपूर्वक वापरण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत हे गाणे मोजतात.

वाद्यांवर त्याचा जीव होता का?

गाण्यांवर होता. वाद्याला तो हत्यारासारखे वापरत असे. जपून ठेवण्याची वस्तू म्हणून नाही. हॅरिसन आपल्या गिटारी मायेने सांभाळायचा; लेनन त्या रंगवायचा, खरवडायचा, देऊन टाकायचा.

बारा तारांच्या ‘फ्रेमस हूटनॅनी’चे तसेच झाले. जर्मनीत बनलेली ही बिनविजेची गिटार त्याने १९६५ मध्ये ‘हेल्प!’ या अल्बमच्या आणि चित्रपटाच्या काळात भरपूर वाजवली. ‘यू हॅव्ह गॉट टू हाइड युवर लव्ह अवे’मध्ये ती ऐकू येते, चित्रपटात दिसतेही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘नॉर्वेजियन वूड’ मुद्रित झाले, त्यातही ही फ्रेमस आहे. भारतीय श्रोत्यांना हे गाणे वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे, ते म्हणजे हॅरिसनची सतार. ‘हेल्प!’च्या सेटवर भारतीय वादकांच्या हातात त्याने ती पाहिली होती आणि जेमतेम शिकून रेकॉर्डवर वाजवली. हॅरिसन पुढे १९६६ मध्ये रविशंकर यांच्याकडे शिकायला मुंबईत येऊन राहिला आणि जानेवारी १९६८ मध्ये ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचे वाद्यसंगीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतले. लेननने मात्र १९६५ च्या अखेरीस फ्रेमस हातावेगळी केली. ‘पीटर अँड गॉर्डन’ या जोडीतल्या गॉर्डन वॉलरला ती देऊन टाकली. वॉलरने ती पुढे आपल्या व्यवस्थापन चमूतल्या माणसाला दिली आणि ती एका घराच्या पोटमाळ्यावर गेली.

ऑगस्ट १९६६ मध्ये बीटल्सनी दौरे थांबवले. त्याआधी ख्रिस्ती धर्म आणि बीटल्सची लोकप्रियता यांची तुलना करणाऱ्या लेननच्या विधानावरून अमेरिकेत रेकॉर्डच्या होळ्या झाल्या होत्या. पुढच्या वर्षी एपस्टाइन अचानक गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघे ऋषिकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात आले. तिथे वीज जोडायची सोय आणि गरज दोन्ही नव्हती. सोबत होत्या साध्या ‘मार्टिन’ गिटारी. स्कॉटिश गायक डोनोव्हनने लेननला बोटांनी एकेक तार छेडण्याची पद्धत शिकवली. ‘डिअर प्रुडन्स’ आणि ‘ज्युलिया’ या गाण्यांतले गिटारवादन त्या शिकवणीतून आले. ‘ज्युलिया’ त्याने एकट्याने गायले, एकट्याने वाजवले. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या आईचे नाव त्याच्या गाण्यात आले ते हिमालयाच्या पायथ्याशी शिकलेल्या बोटांवर. महर्षींबद्दल मन विटल्यावर एप्रिलमध्ये तो परतला.

रंगाचा थर काढला की गिटारचे लाकूड मोकळा श्वास घेते, असे डोनोव्हनचे मत होते. लेननने आपली ‘एपिफोन कॅसिनो’ आणि दुसरी जे-१६०ई दोन्ही खरवडून कोऱ्या लाकडाच्या केल्या. या जे-१६०ईवर त्याआधी त्याने भडक रंगांचे चित्र काढवून घेतले होते. मार्च १९६९ मध्ये त्याने योको ओनोशी लग्न केले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात शांततेसाठी दोघे हॉटेलच्या पलंगावर बसून राहिले, तेव्हा त्या कोऱ्या लाकडावर स्वतःचे आणि योकोचे रेखाचित्र काढले. माँट्रिअलच्या हॉटेलात १ जून १९६९ रोजी ‘गिव्ह पीस अ चान्स’ मुद्रित झाले ते याच गिटारवर. ती अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ संग्रहालयात प्रदर्शित झाली आहे.

शेवटची दहा वर्षे

१९७० मध्ये बीटल्स फुटले. ‘इमॅजिन’नंतर लेनन न्यूयॉर्कला गेला. राजकीय भूमिकांमुळे निक्सन सरकारला तो नकोसा झाला आणि त्याला देशाबाहेर काढण्याचा खटला काही वर्षे चालला; कायम वास्तव्याचा परवाना मिळाला १९७६ मध्ये. त्याआधी, ९ ऑक्टोबर १९७५ रोजी, त्याच्याच वाढदिवशी, मुलगा शॉन जन्मला. यानंतर सुमारे पाच वर्षे लेननने संगीताच्या धंद्याकडे पाठ फिरवली. घर आणि मूल सांभाळले. गिटार पलंगामागच्या भिंतीवर टांगलेली असे. थोरल्या ज्युलियनला जे दिले नाही ते त्याने शॉनला दिले. आपण तरुणपणी स्त्रियांवर हात उगारत होतो, हेही याच काळाच्या शेवटी त्याने जाहीरपणे कबूल केले.

१९८० च्या उन्हाळ्यात बर्म्युडाला त्याला पुन्हा गाणी सुचू लागली. नोव्हेंबरमध्ये ‘डबल फँटसी’ हा अल्बम आला. ८ डिसेंबरच्या रात्री स्टुडिओतून परतताना ‘डाकोटा’ इमारतीच्या दारात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. वय होते ४०. त्या दिवशी त्याची जे-१६०ई सॅन डिएगोतल्या एका घरात होती आणि बारा तारांची फ्रेमस इंग्लंडमध्ये.

गिटारची ओळख पटवतात कशी?

सॅन डिएगोच्या गिटारमालकाने २००८ च्या सुमारास एका मासिकात हॅरिसनच्या जे-१६०ईचा फोटो आणि क्रमांक पाहिला. स्वतःच्या गिटारचा क्रमांक त्याने ताडून पाहिला, तर फरक फक्त चारचा. हॅरिसनच्या गिटारवर ७३१६१, याच्याकडे ७३१५७. शंका आली, पण पुढे काही वर्षे गेली. अखेर बीटल्सच्या वाद्यांवर ग्रंथ लिहिणारे जाणकार अँडी बॅबियुक यांच्याकडे ती तपासायला गेली.

क्रमांकावरून काम भागत नाही. क्रमांक खोटा छापता येतो, आणि खरा असला तरी ती गिटार प्रत्यक्षात कोण वाजवत होते हे सांगत नाही. खरी साक्ष देते ते लाकूड. वरच्या फळीवरच्या रेषा म्हणजे झाडाच्या वाढीच्या वर्तुळांचा छेद. दोन फळ्यांच्या रेषा सारख्या नसतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारख्याच. १९६२-६३ मधील जवळून काढलेले, स्पष्ट फोटो घ्यायचे, त्यातल्या रेषा, गाठी, ओरखडे, रंग उडालेल्या जागा मोजायच्या आणि समोरच्या गिटारवर त्या त्याच जागी सापडतात का ते पाहायचे. नंतर पडलेले ओरखडे जास्तीचे असू शकतात. जुने मात्र नाहीसे होऊन चालत नाहीत. लेनन त्या काळात सतत कॅमेऱ्यांसमोर होता, म्हणून हे शक्य झाले. एखाद्या अप्रसिद्ध वादकाची गिटार अशी कधीच सिद्ध करता आली नसती.

पोटमाळ्यावरच्या फ्रेमसचीही अशीच परीक्षा झाली. लाकडाच्या रेषांबरोबर तारांखालच्या प्लास्टिकच्या पट्टीवरची कासवाच्या पाठीसारखी नक्षी ‘हेल्प!’च्या काळातील फोटोंशी जुळवली गेली. घराच्या हलवाहलवीत ही गिटार सापडली होती. तिची मूळ पेटी तर फेकून दिलेली होती. लिलावगृहाच्या माणसांनी ती कचऱ्यातून बाहेर काढली. २९ मे २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती २८ लाख ५७ हजार डॉलरना गेली, म्हणजे जवळपास २४ कोटी रुपये. अंदाज याही वेळी सहा ते आठ लाखांचाच होता. पन्नास वर्षांहून अधिक काळ अडगळीत पडलेली ही गिटार वाजण्याच्या स्थितीत होती.

मग मालकी कोणाची?

फ्रेमसचा प्रश्न सोपा, कारण ती भेट दिलेली होती. भेट दिलेली वस्तू ज्याला दिली त्याची. जे-१६०ईचे तसे नाही. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे कायद्याचे मूळ तत्त्व असे, की चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती पुढे देऊही शकत नाही. घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पूर्ण किंमत मोजली असली, तरी मूळ मालकाचा हक्क आपोआप संपत नाही. मात्र वस्तू चोरीला गेली की नुसती कुठेतरी राहून गेली, दावा किती वर्षांत करायचा होता, यावर निकाल फिरू शकतो. पन्नास वर्षांनंतर साक्षीदार कुठून आणणार? माल इव्हान्सही १९७६ मध्येच गेला होता. या प्रकरणात कोर्टकचेरी झाली नाही. विक्रीच्या रकमेतला एक वाटा लेनन आणि योको यांनी स्थापन केलेल्या ‘स्पिरिट फाउंडेशन’ या धर्मादाय संस्थेला द्यायचे ठरले आणि गिटार उघडपणे बाजारात आली. शहाणपणाचा तोडगा म्हणायला हवा. मालक दडपून बसला असता, तर गिटार पुन्हा अंधारातच राहिली असती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण पॉल मॅकार्टनीचे. १९६१ मध्ये हॅम्बर्गला घेतलेला त्याचा ‘हॉफनर’ बास १९७२ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागात व्हॅनमधून चोरीला गेला. २०१८ मध्ये काही उत्साही मंडळींनी शोध सुरू केला, लोकांना आठवणी कळवण्याचे आवाहन केले आणि तो बास ससेक्समधील एका घराच्या पोटमाळ्यावर निघाला. तिथे चोरी स्पष्ट होती आणि मालक हयात. बास मॅकार्टनीकडे परत गेला, लिलाव झाला नाही. ही बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. तीनच महिन्यांनी फ्रेमस विकली गेली.

लेननच्या जे-१६०ईच्या तपासात एक गंमतही निघाली. १९६२ च्या खरेदीच्या कागदांवर ७३१५७ हा क्रमांक हॅरिसनच्या नावावर आहे आणि ७३१६१ लेननच्या. फोटोंतल्या लाकडाच्या रेषा मात्र सांगतात, की लेनन वाजवत होता आणि फिन्सबरी पार्कला गायब झाली ती ७३१५७. जुळ्यासारख्या दिसणाऱ्या या दोन गिटारींची दोघांत केव्हातरी अदलाबदल झाली होती. कागदावर लेननची असलेली ७३१६१ कधी हरवलीच नाही. हॅरिसनने ती जपली आणि त्याच्या पश्चात ती त्याच्या कुटुंबाकडे राहिली.